दगड बुळबुळीत आहे, म्हणजे पाणी घाण?

ओढ्यात पाय घसरला की शेरा ठरलेला: ‘किती शेवाळ माजलंय, पाणी पार नासलं!’ मग कुणीतरी दगड घासून काढायचा उपायही सुचवतो. या समजाचा आता कंटाळा येतो, कारण तो नेमका उलटा आहे. ऊन पोचणाऱ्या निरोगी ओढ्यातल्या दगडावर शेवाळाचा पातळ थर असतोच, असायलाच हवा. बेडूकमासे, गोगलगायी, कीटकांच्या अळ्या आणि दगडाला चिकटून चरणारे मासे त्याच्यावरच जगतात. दगड अगदी कोरा सापडला, तर तिथे काय मिसळलंय याची चौकशी करावी.

शेवाळ किती आहे, यापेक्षा कोणतं आहे हे महत्त्वाचं. सी. मर्विन पामर यांनी १९६९ मध्ये सेंद्रिय घाण सोसणाऱ्या शैवलांना गुण लावून दिले. यूग्लिना आणि ऑसिलेटोरिया यांना सर्वाधिक, प्रत्येकी ५. नमुन्यातल्या प्रजातींची बेरीज २० किंवा त्याहून जास्त भरली, तर सांडपाण्याचा मोठा भार आहे असं समजायचं. त्याआधी १९४८ मध्ये रूथ पॅट्रिक यांच्या चमूने अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कोनेस्टोगा नदीचं खोरं तपासलं होतं. निरोगी ओढ्यात जाती पुष्कळ आणि प्रत्येकीची संख्या बेताची. बिघडलेल्या ओढ्यात मोजक्याच जाती, पण त्या बेसुमार. पॅट्रिक यांचा भर डायॅटमवर, म्हणजे करंडक शैवलांवर होता. एकमेकांत बसणाऱ्या दोन सिलिकाच्या झाकणांचं त्यांचं कवच आम्लातही विरघळत नाही. त्यामुळे दगडावरचा थर टूथब्रशने खरवडून, आम्लाने साफ करून, सूक्ष्मदर्शकाखाली साधारण ३०० ते ४०० कवचं ओळखून मोजता येतात. निट्झशिया पेलिया भरमसाट निघाली, तर वर कुठेतरी सांडपाणी उतरतंय असा संशय घ्यायला जागा आहे.

‘पण प्रयोगशाळेत पाणी तपासता येतंच की, शेवाळ कशाला?’ आक्षेप रास्त आहे. रासायनिक चाचणी हवीच. पण आपल्याकडे बीओडीची, म्हणजे सेंद्रिय घाण कुजताना किती ऑक्सिजन लागतो ते मोजणारी चाचणी २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस चालते, आणि तरीही ती बोलते फक्त बाटली भरली त्या क्षणाबद्दल. रात्री सांडपाणी सोडलं आणि सकाळी नमुना घेतला, तर कागदावर सगळं छान. दगडाला चिकटलेल्या शैवलांना मात्र पळून जाता येत नाही. गेल्या काही आठवड्यांत जे वाहून गेलं, ते त्यांच्या वस्तीत उमटतं. युरोपीय संघाच्या २००० सालच्या पाणी-निर्देशाने नद्यांचा दर्जा ठरवताना तळाची शैवलं तपासणं बंधनकारक केलं, ते काही हौस म्हणून नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: युरोपात बेतलेले निर्देशांक सह्याद्रीला कसे लागू पडावेत? जसेच्या तसे नाहीच पडत. इथल्या कित्येक जाती तिथे नाहीत, आणि पावसाळ्याचा लोंढा दगडावरचा थर दरवर्षी धुऊन नेतो. पुराच्या दुसऱ्या दिवशीचा नमुना ओढ्याबद्दल नव्हे, पुराबद्दल सांगतो. पण म्हणून पद्धतच टाकाऊ ठरत नाही. त्यासाठी स्थानिक जातींची ओळख लागते, आणि ती पाटी कोरी नाही. एच. पी. गांधी यांनी कोल्हापूर परिसरातल्या करंडक शैवलांचा अभ्यास केला. पन्हाळगडावरच्या जातींवरचा त्यांचा लेख १९५९ मध्ये ‘हायड्रोबायोलॉजिया’त आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हे काम आजही चालतं. मर्यादा मात्र मान्य करायला हवी: शेवाळ रसायनाचं नाव सांगत नाही, आणि पाणी पिण्याजोगं आहे की नाही हेही नाही. त्यासाठी जिवाणूंची तपासणी वेगळी.

राहिलेले समज पटकन. नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी: नाही, खाणींतून आम्ल उतरलेला ओढा काचेसारखा नितळ असू शकतो आणि त्यात मासा नसतो. जलपर्णी म्हणजे शेवाळ: नाही, ती दक्षिण अमेरिकेतून आलेली फुलं येणारी वनस्पती आहे. शेवाळ ऑक्सिजन खातं: दिवसा ते तयारच करतं, रात्री श्वसनासाठी वापरतं, थर फार दाट झाला तरच पहाटे मासे गुदमरतात. हिरवे लांब धागे दिसले तर चिंता नको: थोडी करा, खतांचा किंवा सांडपाण्याचा नत्र-स्फुरद येत असेल, पण काठची झाडं तोडून ऊन वाढलं, तरी हेच होतं.