सोफा घेताय? कापड नंतर बघा, आधी उशीचे वजन करा! पेठसारख्या पावसाळी भागातील ग्राहकांनी काय तपासावे?

नाशिकच्या शोरूममधील डिझायनर सोफा पाहताक्षणी आवडतो. तिथे एसी सुरू असतो, फरशी कोरडी असते. मात्र सावळघाट आणि कोटंबी घाट ओलांडून तोच सोफा सुमारे ५५ किलोमीटरवरील पेठला पोहोचला, की त्याची खरी परीक्षा सुरू होते. पेठ हा नाशिक जिल्ह्यातील जास्त पावसाचा तालुका. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, घरात दमट हवा कोंडते. कापड आणि रंग सगळ्यांना दिसतात. सोफा किती वर्षे टिकणार, हे मात्र आतल्या सांगाड्यावर आणि फोमवर ठरते.

सांगाडा कशाचा आहे?

पार्टिकल बोर्ड लाकडाचा भुसा आणि चिपा डिंकासारख्या रेझिनने दाबून बनवतात. पाणी मुरले की तो फुगतो आणि स्क्रूची पकड सुटते. ओल येणाऱ्या घरासाठी तो टाळलेला बरा. प्लायवूड असेल तर ग्रेड विचारा. ‘एमआर’ प्लाय दमटपणा सहन करतो, ‘बीडब्ल्यूआर’ उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकतो.

शोरूममध्येच एक सोपी चाचणी करता येते. सोफ्याचा पुढचा एक कोपरा वीतभर उचला. दुसरा पुढचा पायही लगेच उचलला गेला, तर सांगाडा मजबूत. तो जमिनीलाच चिकटून राहिला, तर सांगाडा पिळतोय असे समजा.

‘४० डेन्सिटी’ म्हणजे नेमके काय?

एक घनमीटर फोमचे वजन ४० किलो, एवढाच त्याचा अर्थ. ६० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद आणि साडेबारा सेंमी जाड उशीत ०.०४५ घनमीटर फोम असतो. ४० डेन्सिटीच्या फोमचे वजन १.८ किलो भरायला हवे, ३२ डेन्सिटीचे सुमारे १.४५ किलो. खोळ काढून वजनकाट्यावर ठेवले की दावा खरा की खोटा ते कळते. मात्र डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. हलका फोमही सुरुवातीला कडक लागू शकतो, पण तो लवकर बसतो.

किमतीत काय काय धरले आहे?

सोफ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. ३० हजारांचा भाव कराशिवाय सांगितला असेल, तर बिल ३५ हजार ४०० रुपयांचे होते. पूर्णपणे बांबू किंवा वेताच्या फर्निचरवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के कर आहे. घाटातून गाडीभाडे कोण देणार आणि वाटेत माल भिजला तर जबाबदारी कोणाची, हेही आधीच लिहून घ्या. ‘शून्य टक्के ईएमआय’ असेल तर प्रोसेसिंग फी आणि रोखीची सवलत तपासा. शून्य टक्के व्याज प्रत्यक्षात नसतेच, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच स्पष्ट केले होते.

‘विकलेला माल परत घेणार नाही’ असे म्हटले तर?

रंग आवडला नाही म्हणून सोफा परत करण्याचा हक्क नाही. पण माल सदोष असेल तर गोष्ट वेगळी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणे हीदेखील अनुचित प्रथाच.

पेठ गुजरातच्या सीमेला लागून आहे. वलसाड किंवा वापीहून सोफा आणला, तरी ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे, म्हणजे नाशिकला तक्रार करता येते. त्यासाठी २ वर्षांची मुदत आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो.

त्यासाठी हातात पक्के बिल हवे. त्यावर लाकूड किंवा प्लायचा ग्रेड, फोमची डेन्सिटी आणि वॉरंटीचा कालावधी विक्रेत्याकडून लिहून घ्या. शोरूममध्ये तोंडी दिलेला शब्द नंतर सिद्ध करणे अवघड जाते.