वर्षावासाचे तीन महिने आणि आरोग्याचा एक संकल्प

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. या काळात आपल्या विहारांत ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते, उपासक-उपासिका उपोसथ पाळतात आणि बरेच जण मनाशी काहीतरी ठरवतात. कुणी म्हणतो, “आता खर्रा बंद.” कुणी म्हणते, “यंदा तब्येतीकडे लक्ष द्यायचं.” पण सोयाबीनला शेंगा धरायच्या आत यातले बरेचसे ठरवणे विरून गेलेले असते. माणूस वाईट नसतो आणि त्याची इच्छाही खोटी नसते. उणीव असते ती ठरवण्याच्या रीतीत. दिग्रस आणि आसपासच्या गावांतील आपल्या बांधवांसाठी या पानावर आम्ही त्या रीतीबद्दल लिहीत आहोत.

इच्छा वेगळी, संकल्प वेगळा

13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात त्यांनी स्वतः दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना धम्म दिला. मध्ये 21 वर्षे गेली. या काळात मे 1936 मध्ये मुंबईत परिषद घेऊन त्यांनी धर्मांतरामागचा विचार आपल्या लोकांपुढे मांडला. धर्मांचा अभ्यास केला, बौद्ध देशांना भेटी दिल्या, 1955 मध्ये भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. शेवटच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने शरीर खचले होते, तरी ग्रंथलेखन थांबले नाही. घोषणा एका दिवसाची होती, पण ती पूर्ण झाली ती मधल्या एकेका पायरीमुळे.

त्या दिवशी दिलेल्या 22 प्रतिज्ञाही पाहा. तिथे “चांगले वागेन” एवढ्यावर भागवलेले नाही. काय करायचे आणि काय करायचे नाही, हे नेमके सांगितले आहे. दारू न पिण्याची प्रतिज्ञा त्यातच आहे. पाळली की मोडली, हे ज्याचे त्याला संध्याकाळी कळते. आरोग्याचा संकल्पही असाच असावा लागतो. दहा पारमितांपैकी अधिष्ठान म्हणजे ध्येय गाठण्याचा दृढ निश्चय. निश्चय दृढ राहण्यासाठी तो आधी स्पष्ट हवा.

कशाचा संकल्प करावा?

अष्टांगिक मार्गातील सम्यक व्यायाम म्हणजे जोर-बैठका नव्हेत, तर योग्य दिशेने केलेला प्रयत्न. तथागतांनी त्याचे चार प्रकार सांगितले. आपल्या आरोग्याला ते जसेच्या तसे लागू पडतात.

पहिला प्रकार म्हणजे जे अकुशल अजून आलेले नाही, ते येऊ न देणे. घरातल्या आठवी-नववीतल्या मुलाने अजून खर्रा तोंडात घातलेला नसेल, तर त्याला पानठेल्यावर खर्रा आणायला न पाठवणे हाही एक संकल्प आहे. विदर्भात, आणि आपल्या समाजातही, सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणून लग्न ठरवण्याआधी मुला-मुलीची रक्ततपासणी करणे हा साऱ्या कुटुंबाचा संकल्प होऊ शकतो.

दुसरा प्रकार म्हणजे आलेले अकुशल सोडणे. खर्रा, तंबाखू, मिश्री, बिडी आणि दारू यात येतात.

तिसरा प्रकार, जे कुशल अजून आयुष्यात नाही ते आणणे. वयाची तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब, साखर आणि तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. स्त्रियांसाठी स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणीही याच कार्यक्रमात आहे. ज्याने आजवर एकदाही रक्तदाब मोजलेला नाही, त्याच्यासाठी तो मोजून घेणे एवढाही संकल्प पुरेसा आहे.

चौथा प्रकार, आलेले कुशल टिकवणे. रक्तदाबाची गोळी सुरू होते, बरे वाटू लागते आणि मग “आता काय होते आहे?” म्हणत ती बंद होते. रक्तदाब मात्र मुकाट्याने वाढत राहतो आणि एक दिवस अर्धांगवायू होतो. अशा माणसाने नवे काही ठरवू नये. डॉक्टर सांगतील तोवर रोज गोळी घेणे हाच त्याचा संकल्प.

या चारांतून एकच गोष्ट निवडावी. खर्रा, दारू, साखर आणि वजन एकाच पौर्णिमेला हाती घेतले, तर बहुधा एकही पूर्ण होत नाही.

पाच प्रश्न

निवडलेला संकल्प वहीत लिहावा आणि त्याला पाच प्रश्न विचारावेत. नेमके काय? किती? केव्हा आणि कुठे? कधीपर्यंत? साक्षीला कोण?

“तब्येतीकडे लक्ष देईन” हे वाक्य यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर देत नाही. आता हे पाहा: “मी लोहाची गोळी रोज रात्री जेवणानंतर तासाभराने लिंबूपाण्यासोबत घेईन, त्या सुमारास चहा घेणार नाही, आश्विन पौर्णिमेपर्यंत एकही दिवस चुकवणार नाही, माझी मुलगी रोज कॅलेंडरवर खूण करील.” रक्त कमी असल्याचे निदान झालेल्या बाईचा हा संकल्प आहे. चहामुळे लोह अंगी कमी लागते आणि लिंबामुळे जास्त, म्हणून वेळही त्यात ठरवलेली आहे.

संकल्प आपल्या जगण्याला धरून असावा. दिवसभर निंदणाला वाकणाऱ्या बाईला “रोज अर्धा तास चाला” सांगणे ही थट्टा झाली. तिने शेतात जाताना पाण्याची बाटली आणि भाकरीची शिदोरी न विसरणे, हे तिच्यासाठी अधिक मोलाचे. अर्धा तास चालणे हवे ते दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या शिक्षकाला, कारकुनाला आणि दुकानदाराला.

वीणेची तार

भिक्खू सोण कोळिविस यांची गोष्ट आपल्याला माहीत आहे. चंक्रमण करताना त्यांनी स्वतःला इतके ताणले की तळपायांतून रक्त आले आणि त्यांच्या मनात संघ सोडण्याचा विचार आला. गृहस्थ असताना ते वीणा वाजवत. तथागतांनी त्यांना विचारले, तार फार ताणली तर वीणा नीट वाजते का? आणि फार सैल सोडली तर? सोण समजले आणि पुढे अर्हत झाले. संकल्पाचा ताणही तसाच मध्यम असावा. पहिल्याच आठवड्यात दमछाक करणारा संकल्प टिकत नाही आणि ज्याने काहीच बदलत नाही, तो संकल्प नव्हे.

खर्ऱ्याचा संकल्प

आपल्या भागात सर्वांत निकडीचा विषय खर्ऱ्याचा आहे, म्हणून तो उदाहरणादाखल सविस्तर घेऊ. खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू आणि चुना असतो. तंबाखूच कर्करोग करते असे नाही. सुपारीही कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केलेले आहे. सुपारीमुळे गालाच्या आतली कातडी कडक होत जाते, तिखट झोंबू लागते आणि तोंड कमी उघडते. हा आकस पूर्ववत होणे कठीण असते. सुपारी सुटली तर तो वाढण्याचे थांबण्याची आशा असते. म्हणून “तंबाखू सोडली, साधी सुपारी खातो” याला सोडणे म्हणता येत नाही.

आरशासमोर उभे राहून आपली तीन बोटे उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये जातात का, ते पाहावे. जात नसतील, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर ग्रामीण रुग्णालयात किंवा दंतवैद्याकडे लगेच दाखवावे.

हिशेबही मांडून पाहावा. एक खर्रा 20 रुपयांचा धरला आणि दिवसाला चार धरले, तर रोजचे 80 रुपये होतात. वर्षावासाच्या साधारण 90 दिवसांत 7,200 आणि वर्षाला 29,200. एवढ्या पैशांत मुलांची पुस्तके आणि गणवेश घेऊनही काही शिल्लक राहील.

सोडण्याची तारीख ठरवावी आणि त्या दिवशी घरात व खिशात पुडी ठेवू नये. पहिला आठवडा सर्वांत अवघड जातो. चिडचिड होते, डोके दुखते, झोप लागत नाही. तीन-चार आठवड्यांत हा त्रास बराच ओसरतो. तलफेची एकेक लाट काही मिनिटांचीच असते. ती टळेपर्यंत काय करायचे, हे आधीच ठरलेले असावे.

इथे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अभ्यासलेली एक साधी रीत उपयोगी पडते. संकल्पाला ‘जर-तर’ जोडायचे. “जर कामावर सोबत्याने खर्रा पुढे केला, तर मी बडीशेप तोंडात टाकून पाणी पिईन.” “जर जेवणानंतर तलफ आली, तर उठून दात घासेन.” “जर पानठेल्यापाशी पाय वळले, तर पलीकडच्या रस्त्याने जाईन.” वेळ आल्यावर विचार करत बसावे लागत नाही, कारण उत्तर आधीच तयार असते.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. शेतात आणि बांधकामावर अनेक जण भूक मारण्यासाठी खर्रा खातात. अशा माणसाला आधी सकाळचे जेवण हवे. घरून पोटभर खाऊन निघणे आणि सोबत शिदोरी नेणे ही त्याच्या संकल्पाची पहिली पायरी.

मदत हवी असल्यास तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा 1800-11-2356 या क्रमांकावर आहे.

दारूबाबत मात्र सावध राहावे. जो अनेक वर्षे रोज भरपूर पितो, त्याने एका दिवसात आपल्या मनाने दारू बंद करू नये. हात थरथरणे, भ्रम होणे, झटके येणे असे प्रकार घडतात आणि ते जिवावर बेतू शकतात. त्याचा पहिला संकल्प “उद्यापासून बंद” असा नसावा. “या आठवड्यात घरच्या माणसासोबत डॉक्टरांकडे जाईन आणि त्यांच्या देखरेखीखाली सोडेन” असा असावा.

घसरलो तर?

लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या नव्या सवयींचा अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागतात, असे त्यांना आढळले. मात्र फरक मोठा होता, 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष अडथळा येत नाही, हेही त्यातून दिसले. वर्षावासाचे 90 दिवस म्हणजे सुरुवात करण्यासाठी चांगला काळ आहे, आणि कुणाला त्याहून अधिक दिवस लागले तर त्यात त्याचे काही चुकले नाही.

संकल्प बहुधा पहिल्या चुकीने मोडत नाही. “आता मोडलाच आहे” या विचाराने तो मोडतो. सणाच्या दिवशी एक खर्रा खाल्ला गेला, तर दुसरा खाऊ नये. कॅलेंडरवर त्या दिवसाची जागा रिकामी सोडावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खूण करावी. तलफ कुठे आली, सोबत कोण होते, हे लिहून नवे ‘जर-तर’ जोडावे. धम्मात यालाच अप्रमाद म्हणजे जागरूकता म्हटले आहे.

विहाराचे काम

एकट्याने केलेला संकल्प एकट्यानेच मोडणे सोपे जाते. विहारात ग्रंथवाचनानंतरची दहा मिनिटे या कामासाठी राखावीत, असे आम्ही सुचवतो. पौर्णिमा, अमावस्या आणि दोन्ही अष्टम्या हे आढाव्याचे दिवस ठरवता येतील. ज्याला सांगायचे आहे त्याने सांगावे, नको असेल त्याने ऐकावे. कुणाचे नाव फळ्यावर लिहू नये आणि घसरलेल्याला लाजवू नये. लाजलेला माणूस खर्रा सोडत नाही, विहारात येणे सोडतो. वर्षावासात एका रविवारी आरोग्य सेविकेला किंवा आशाताईंना बोलावून वस्तीतल्या तिशीपुढील सर्वांचा रक्तदाब आणि साखर तपासता येईल.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपेल तेव्हा 90 दिवसांची खूण केलेले कॅलेंडर तुमच्या हाती असेल. त्यात दहा जागा रिकाम्या असतील, तरी 80 दिवस तुम्ही पाळलेले असतील. त्याच संध्याकाळी वहीत पुढच्या तीन महिन्यांची तारीख लिहावी आणि तोच संकल्प पुढे चालू ठेवावा.