कंपनीचे वित्तव्यवस्थापन आणि आपला बी.कॉम.चा विद्यार्थी

बारावीचा निकाल लागला की परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड येथील अनेक कुटुंबांत बी.कॉम.च्या प्रवेशाचा विषय निघतो. विज्ञान शाखेसाठी गुण कमी पडले म्हणून, अथवा पुढे दुकानच सांभाळायचे आहे तर पदवी तरी असावी म्हणून, अशा दोन कारणांनी वाणिज्य शाखा पुष्कळदा निवडली जाते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत आपली मुले-मुली लेखाकर्म, करआकारणी आणि व्यापारी कायदा शिकतात. त्यानंतर केव्हातरी कंपनीचे वित्तव्यवस्थापन हा विषय समोर येतो. बहुतेक विद्यार्थी चार सूत्रे पाठ करतात, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवतात आणि उत्तीर्ण होतात. हे मुंबईच्या मोठ्या कंपन्यांचे शास्त्र आहे, आपल्या गावात त्याचा उपयोग काय, अशी समजूत विद्यार्थ्यांची असते आणि पालकांचीही असते.

बँकेत कर्जप्रस्ताव तपासण्यात ज्याची नोकरी गेली, त्याला ही समजूत मान्य होणे कठीण आहे. बी.कॉम.च्या विषयांपैकी आपल्या जिल्ह्याला आज ज्याची सर्वाधिक निकड आहे, तो हाच विषय होय, असे माझे मत आहे. त्याची कारणे वाचकांसमोर मांडतो.

लेखाकर्म आणि वित्तव्यवस्थापन

लेखाकर्म झालेल्या व्यवहाराची नोंद ठेवते. वित्तव्यवस्थापन उद्याचा निर्णय विचारते. पैसा कशात गुंतवावा, तो कोठून उभारावा, रोजचा व्यवहार चालू राहण्यासाठी किती हाताशी ठेवावा आणि नफ्यातील किती भाग वाटावा, या चार प्रश्नांभोवती हा सारा विषय फिरतो.

पहिल्या प्रश्नाचे एक उदाहरण घेऊ. डाळमिलचे नवे यंत्र १० लाख रुपयांना मिळते आणि त्यापासून पाच वर्षे दरवर्षी ३ लाख रुपये सुटतील असा अंदाज आहे. घरातील वडीलधारे सहज म्हणतील, पाच वर्षांत १५ लाख आले, ५ लाखांचा फायदा झाला. परंतु पाचव्या वर्षीच्या ३ लाखांचे मोल आजच्या ३ लाखांएवढे नसते. पैशाचा खर्च वर्षाला १२ टक्के धरला, तर त्या पाच हप्त्यांचे आजचे मूल्य सुमारे १० लाख ८१ हजार भरते. म्हणजे यंत्र घेण्यात ८१ हजारांचा लाभ आहे. हाच खर्च १६ टक्के असेल, तर आजचे मूल्य ९ लाख ८२ हजारांवर येते आणि तेच यंत्र तोट्याचे ठरते. पुस्तकात याला निव्वळ वर्तमान मूल्य म्हणतात. यंत्र तेच, मालकही तोच; केवळ पैसा कोणत्या दराने आणला यावर निर्णय उलटतो. हे ज्याला उमगले, त्याला सूत्र पाठ करावे लागत नाही.

जिनिंगच्या हंगामातील धडा

आपला जिल्हा कापसाचा. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. राज्यात १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शासनाच्या वतीने पणन महासंघ कापूस घेई, जिनिंगवाले तो पिंजून व दाबून देत आणि त्याची मजुरी मिळवीत. कापूस त्यांचा नसल्यामुळे तो विकत घेण्यासाठी लागणाऱ्या पैशाची चिंताही त्यांना नव्हती. या शतकाच्या आरंभी खासगी खरेदी खुली झाली. शेड तेच राहिले, यंत्रे तीच राहिली. पण कापूस स्वतःच्या पैशाने घेण्याची वेळ आली आणि धंद्याचे आर्थिक रूप मुळापासून पालटले.

याचा हिशेब करून पाहावा. रुईची एक गाठ १७० किलोची. साधारणतः कापसाच्या वजनाच्या एक तृतीयांशाहून थोडी अधिक रुई निघते, म्हणजे एका गाठीला सुमारे ५ क्विंटल कापूस लागतो. उदाहरणादाखल भाव क्विंटलला ७ हजार रुपये धरला, तर एका गाठीमागे ३५ हजार रुपये गुंततात. रोज १०० गाठी करणाऱ्या कारखान्याला रोजचे ३५ लाख हवेत. गाठ व सरकी विकून पैसा २० दिवसांनी परत येत असेल, तर ७ कोटी रुपये सतत अडकून राहतात. ३० दिवस लागले, तर साडेदहा कोटी. केवळ दहा दिवसांच्या विलंबाने साडेतीन कोटींची अधिक सोय करावी लागते आणि १२ टक्के व्याजाने १०० दिवसांच्या हंगामात सुमारे साडेअकरा लाख रुपये व्याजात जातात. कित्येकदा तेवढाच वर्षाचा नफा असतो.

पुस्तकातील खेळत्या भांडवलाचे प्रकरण ते हेच. कर्ज मागण्यास येणाऱ्या उद्योजकाला यंत्राची किंमत पैशापर्यंत ठाऊक असे. पहिल्या हंगामात माल घेण्यास किती रक्कम लागेल, हे मात्र फार थोड्यांना सांगता येई. रिझर्व्ह बँकेने १९७४ साली नेमलेल्या टंडन समितीने खेळत्या भांडवलाच्या कर्जाला शिस्त आणली. पुढे नायक समितीने लघुउद्योगांसाठी सोपी रीत सुचवली : अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के गरज धरावी, त्यातील २० टक्के बँकेने द्यावेत आणि ५ टक्के उद्योजकाने स्वतःचे घालावेत. हे ५ टक्के कोठून आणणार, या प्रश्नावर अनेक प्रस्ताव अडखळतात.

कर्ज किती आणि कोणत्या मुदतीचे

भांडवल रचनेचे प्रकरण विद्यार्थ्यांना सर्वांत अवघड वाटते. फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९५८ साली असे मांडले की, कर नाही, दिवाळखोरीचा खर्च नाही अशा आदर्श बाजारात कर्ज आणि भागभांडवल यांच्या प्रमाणाने कंपनीचे मूल्य बदलत नाही. विद्यार्थी विचारतो, असा बाजार कुठे असतो? कुठेच नसतो. म्हणूनच हा सिद्धान्त उपयोगी आहे. प्रत्यक्षात फरक कशामुळे पडतो, ते त्यातून कळते : व्याजावर मिळणारी करसवलत एका बाजूला आणि हप्ते थकले तर धंदा जाण्याचे भय दुसऱ्या बाजूला.

मुदतीचा प्रश्न याहून गंभीर आहे. रस्ते, बोगदे यांसारख्या वीस-वीस वर्षांच्या प्रकल्पांत पैसा घालणारा आयएल अँड एफएस समूह २०१८ साली देणी चुकवू लागला, तेव्हा त्याच्यावर ९० हजार कोटींहून अधिक कर्ज होते. दीर्घ मुदतीच्या कामासाठी अल्प मुदतीची कर्जे घेणे, हे त्याच्या पतनाचे एक मोठे कारण ठरले. आपल्या तालुक्यात कॅश क्रेडिट खात्यातून रक्कम उचलून गोदाम बांधले जाते, तेव्हा चूक तीच असते; फक्त आकड्यावरची शून्ये कमी असतात. गोदाम उभे राहते आणि ऐन हंगामात माल घ्यायला पैसा उरत नाही.

आपल्या व्यापारी कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट. पेढीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली की कायद्याने ती स्वतंत्र व्यक्ती होते. तिचा गल्ला आणि घराची तिजोरी वेगळी ठेवावी लागते. भागधारकाची जबाबदारी मर्यादित असते हे खरे. परंतु बँक संचालकांची वैयक्तिक हमी घेते आणि तेवढ्यापुरती ती मर्यादा नाहीशी होते. सही करण्यापूर्वी घरातील बी.कॉम. झालेल्या मुलाने वा सुनेने हे समजावून सांगितले, तर त्या पदवीचे सार्थक झाले असे मी म्हणेन.

शेतकऱ्यांच्या कंपन्या

२००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन उत्पादक कंपनी हा प्रकार आला. दहा शेतकरी एकत्र येऊन अशी कंपनी काढू शकतात. कोणाचे भाग किती का असेनात, मत प्रत्येकाला एकच. केंद्राने २०२० साली दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांची योजना सुरू केली. तीत प्रति सभासद २ हजार रुपयांपर्यंत आणि एका संस्थेला कमाल १५ लाखांपर्यंत समभाग अनुदानाची तरतूद आहे. अशा कंपनीचे हिशेब आणि व्यवस्थापन पाहण्यासाठी गावातलाच वाणिज्य पदवीधर शोधला जातो.

समजा ५०० सभासदांनी प्रत्येकी १ हजार रुपये भरले आणि तेवढेच अनुदान मिळाले. भांडवल झाले १० लाख. सोयाबीनचा भाव साडेचार हजार धरल्यास त्यात सुमारे २२० क्विंटल, म्हणजे जेमतेम दोन ट्रक माल येतो. पैसा दहा दिवसांत परत आला, तर ६० दिवसांच्या हंगामात सहा फेऱ्या होऊन १,३०० क्विंटलांहून अधिक व्यापार होईल. खरेदीदाराने तीस दिवस लावले, तर दोनच फेऱ्या आणि साडेचारशे क्विंटलांच्या आत सारे आटोपेल. मग नोकरांचा पगारही सुटणार नाही. कागदावर नफा दिसेल, खात्यात मात्र शिल्लक नसेल. त्या १० लाखांतील अर्धी रक्कम पाचशे कुटुंबांनी घरखर्चातून काढून दिलेली आहे. आपल्या व्यवस्थापकाने हे प्रकरण परीक्षेपुरते वाचले होते की समजून घेतले होते, याच्याशी त्या कुटुंबांचा सरळ संबंध येतो.

अभ्यास कसा करावा

विद्यार्थ्यांना माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, शेअर बाजारात नोंदलेल्या एका कंपनीचा वार्षिक अहवाल घ्यावा. तो संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि रोकड प्रवाह विवरण शेजारी ठेवून नफा आणि रोकड यांत तफावत का पडली, ते एका पानात लिहावे. दुसरी, गावातील एका धंद्याचा पैसा मालात किती दिवस आणि उधारीत किती दिवस अडकतो, हे मालकाच्या संमतीने मोजावे. तिसरी, सूत्रात आकडे घालण्याआधी उत्तर कोणत्या बाजूला जाईल याचा अंदाज वहीत लिहावा आणि चुकला तर कारण शोधावे.

इंग्रजी पुस्तकांची धास्ती घेऊ नये. ताळेबंद, घसारा, राखीव निधी, खेळते भांडवल हे शब्द मराठीत रुळलेले आहेत. कल्पना आधी मराठीत पक्की करावी; इंग्रजी संज्ञा पाठोपाठ येते. पुढे सनदी लेखापाल व्हायचे असेल, तर ५५ टक्के गुण मिळवणाऱ्या वाणिज्य पदवीधराला इंटरमीजिएटला थेट प्रवेशाची सोय आहे आणि तेथेही वित्तव्यवस्थापन पुन्हा भेटतेच.

पालकांनाही एक विनंती. मुलगा वा मुलगी या विषयाच्या वर्षात असेल, तेव्हा दुकानाचा वा पेढीचा खरा ताळेबंद एकदा त्यांच्यासमोर उघडावा. उधारी किती, साठा किती, कर्ज कोणत्या दराचे, हे त्यांना विचारू द्यावे. काही प्रश्न अडचणीचे निघतील. त्यांची उत्तरे दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी घरातच शोधलेली बरी.