ओआहाकांतील मरियेच्या मृण्मूर्ति व त्यांच्या कर्त्र्या

मूर्ति कोणाची हें लक्षणांवरून ठरवावें, हा आपल्या शिल्पशास्त्राचा नियम वाचकांस परिचित आहेच. मेक्सिको देशाच्या दक्षिणेकडील ओआहाका प्रांतांत मातीच्या ज्या ख्रिस्ती मूर्ति घडतात, त्यांसही तो लागू पडतो. भोंवतीं सूर्यकिरण, पायांखालीं चंद्रकोर व अंगावर ताऱ्यांचें प्रावरण असलें म्हणजे ती ग्वादालुपेची मरिया. बायबलांतील प्रकटीकरणाच्या १२ व्या अध्यायांत वर्णिलेल्या स्त्रीशीं हीं लक्षणें जुळतात. काळा, त्रिकोणाकार, पायघोळ झगा असला म्हणजे पुत्रशोकांत एकाकी राहिलेली सोलेदाद, त्या प्रांताची अधिष्ठात्री.

परंतु मूर्तीचा सर्व अर्थ लक्षणांत सामावत नाहीं. सान्ता मारिया आत्सोम्पा गांवची तेओदोरा ब्लांको (१९२८–१९८०) बिनझिलईच्या मातीच्या स्त्रीमूर्ति घडवी. मातीच्या बारीक गोळ्या व वळ्या अंगावर चिकटवून ती वस्त्रावरील भरतकाम दाखवी. बाळास पाजणाऱ्या आया तिनें घडविल्या, तशीच मरियाही. ओकोत्लान दे मोरेलोस येथील इसाउरा आल्कान्तारा दियास (१९२४–१९६८) हिनें आपली कला मुलींस शिकविली. ग्वियेर्मिना, होसेफिना, इरेने व कोन्सेप्सिओन या त्या चौघी भगिनी. त्यांच्या रंगीत मूर्तींत बाजारांतील विक्रेत्या व मरिया शेजारीं शेजारीं उभ्या आहेत. होसेफिनाची दृष्टि गेली, तरी ती स्पर्शानेंच मूर्ति घडवीत राहिली.

मरियेच्या या रूपांमागें प्राचीन देवताच पाहण्याकडे कित्येकांचा कल असतो. तेपेयाक टेकडीवर येणारे लोक मरियेस तोनान्त्सिन, म्हणजे आमची माता, म्हणत, असें बेर्नार्दिनो दे साआगुन या ख्रिस्ती साधूनें सोळाव्या शतकांत तक्रारीच्या सुरांत नमूद केलें आहे. तो लेख मोलाचा खरा. पण तो त्या टेकडीवरील उपासनेचा पुरावा होय. विसाव्या शतकांतील मृण्मूर्तीच्या कर्त्रीच्या मनांत काय होतें, हें त्यावरून सिद्ध होत नाहीं. तिच्या डोळ्यांसमोर रोज वावरणारी स्त्री तर मूर्तींतच दिसते.

पोथी हातीं येतांच आपण पुष्पिका पाहतों. लेखकाचें नांव, स्थळ व शक तेथें मिळतात. मातीच्या मूर्तीस अशी पुष्पिका पुष्कळदां नसते. संग्राहकानें ‘मेक्सिकोची लोककला’ एवढेंच टिपलें, तर कर्त्रीचें नांव लुप्त होतें आणि आईकडून मुलीकडे आलेली परंपराही तुटते. ती परंपरा आम्ही पोथ्यांच्या पाठपरंपरेइतकीच महत्त्वाची मानतों. यास्तव मूर्ति घेतेवेळींच कर्त्रीचें नांव, गांव, वर्ष व ती कोणाकडून शिकली एवढें लिहून ठेवावें, अशी आमची संग्राहकांस विनंति आहे.