पावसाने भिजलेल्या जुन्या दाराची दुरुस्ती

वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गोव्यातील जुन्या घरांत आतील दारे बहुधा सागवानी अथवा फणसाच्या लाकडाची असतात. कौल सरकले किंवा जांभ्याच्या भिंतीत ओल चढली की दार फुगते, उंबरठ्यास घासते. मग भर श्रावणात सुताराकडून कडेला रंधा मारून घेतला जातो. दाराचे खरे नुकसान पुष्कळदा येथेच होते.

लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगते. लांबीत जवळजवळ वाढत नाही. पावसाळ्यात तासलेले दार पौषात आक्रसते व चौकटीत फट पडते. हे जाणूनच जुन्या सुतारांनी मधल्या फळ्या कडेच्या पट्ट्यांच्या खाचांत मोकळ्या बसविल्या. त्या खिळ्यांनी वा सरसाने जखडल्यास फळी मधोमध चिरते. असे बिघडविलेले दार शेवटी भंगारात जाते आणि त्याच्या जागी प्लायवूड येते, हे खेदजनक होय.

प्रथम पाणी शिरण्याची वाट बंद करावी. नंतर बिजागऱ्या सोडवून कवाड सावलीत, रिपांवर आडवे ठेवावे, म्हणजे दोन्ही अंगांनी वारा खेळेल. ऊन दाखवू नये. एक बाजू आधी सुकून कवाड वाकते. बंद खोलीतही ठेवू नये, कारण लाकडातील ओलावा शेकडा २० हून अधिक राहिल्यास कुजविणारी बुरशी वाढू शकते. येथील दमट हवेत सुकण्यास कित्येक आठवडे लागतात. तासण्याचा विचार दिवाळीनंतरच करावा.

टोचा सहज रुतेल तेवढाच कुजका भाग काढावा व त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा तुकडा, रेषा जुळवून, तिरकस सांध्याने बसवावा. सरसाने जोडलेले जुने सांधे कोमट पाण्याने सुटतात, त्यामुळे फोडाफोड करावी लागत नाही. बुरशी व किडीवर टाकणखार आणि बोरिक ॲसिडचे द्रावण उपयोगी पडते. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने तो कोरडा घासू नये.

शेवटी अळशीचे तेल द्यावे. तेलाच्या चिंध्या मात्र पसरून वाळवाव्यात. बोळा करून ठेवल्यास त्या आपोआप पेटतात. दार टांगण्यापूर्वी त्याच्या तळकडेस तेल भरपूर पाजावे. उभ्या पट्ट्यांची उघडी टोके तेथेच पाणी शोषतात, आणि टांगलेल्या दाराच्या तळाशी पुढे कोणाचाही हात पोहोचत नाही.