विपश्यना, एमबीएसआर की एमबीसीटी : तुमच्यासाठी कोणता कोर्स?

ध्यान शिकायचं म्हटलं की कोणी इगतपुरीला जायला सांगतं, तर कोणी आठ आठवड्यांचा माइंडफुलनेस कोर्स सुचवतं. श्वासाकडे आणि शरीराकडे लक्ष देणं या सगळ्यांतच असतं, पण हे कोर्स वेगवेगळ्या गरजांसाठी तयार झाले आहेत. म्हणून ‘सर्वांत चांगला कोणता?’ यापेक्षा ‘मला तो कशासाठी हवा आहे?’ हे आधी ठरवा.

दहा दिवसांची विपश्यना

सत्यनारायण गोएंका ही साधना म्यानमारमध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले आणि १९६९ मध्ये भारतात येऊन ती शिकवू लागले. इगतपुरीचं धम्मगिरी हे त्यांच्या परंपरेचं प्रमुख केंद्र आहे. शिबिर निवासी असतं. पहाटे ४ वाजता उठायचं आणि दिवसभरात सुमारे १० तास ध्यान करायचं. जवळजवळ संपूर्ण शिबिरात मौन पाळावं लागतं. फोन, वाचन, लेखन बंद. सुरुवातीचे दिवस श्वासाचं निरीक्षण, त्यानंतर शरीरातल्या संवेदनांचं. फी नसते, शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर खर्च चालतो. जाण्या-येण्याचे दिवस धरून साधारण १२ दिवसांची सवड लागते.

एमबीएसआर

‘माइंडफुलनेस-बेस्ड स्ट्रेस रिडक्शन’ हा कोर्स जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सुरू केला. दीर्घकाळ वेदना आणि ताण सोसणारे रुग्ण त्यांच्यासमोर होते. मूळ बौद्ध साधनेतलं असलं, तरी मांडणी धर्मनिरपेक्ष आहे. आठ आठवडे, दर आठवड्याला सुमारे अडीच तासांचा वर्ग आणि मध्ये एक पूर्ण दिवस सराव. खरी मेहनत घरी असते : रोज साधारण ४५ मिनिटं बॉडी स्कॅन, बैठं ध्यान किंवा हलकी योगासनं. घर-नोकरी सांभाळून हे करता येतं, पण घरचा सराव टाळला तर हाती फारसं लागत नाही.

एमबीसीटी

झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी एमबीएसआरला कॉग्निटिव्ह थेरपीची जोड दिली. उद्देश एकच : नैराश्यातून बाहेर आलेल्या माणसाला ते पुन्हा गाठू नये. ‘मी कुचकामी आहे’ हा विचार म्हणजे वस्तुस्थिती नव्हे, मनात आलेला एक विचार आहे, हे ओळखायला इथे शिकवतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने वारंवार नैराश्य आलेल्यांसाठी २००४ मध्येच याची शिफारस केली.

मग निवड कशी करायची?

साधना खोलात शिरून अनुभवायची असेल आणि सलग सवड असेल, तर विपश्यना. रोजचा ताण किंवा जुनं दुखणं असेल, तर एमबीएसआर. नैराश्य पुन्हापुन्हा आलं असेल, तर एमबीसीटी, तेही प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाकडे.

गंभीर मानसिक आजार असेल, तर दहा दिवसांचं मौन त्रासदायक ठरू शकतं. विपश्यनेच्या अर्जातही आजार आणि औषधांची माहिती विचारतात. प्रवेश मिळावा म्हणून ती लपवू नका, आणि कोणत्याही कोर्सच्या भरवशावर गोळ्या परस्पर बंद करू नका. आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.