बरणीत संपलेलं नायट्रेट विहिरीत संपेलच असं नाही

‘जिवाणूंची पावडर विहिरीत टाका, नायट्रेट निघून जाईल,’ असं हल्ली सर्रास सांगितलं जातं. पुरावा म्हणून पुढे केली जाते ती प्रयोगशाळेतली बरणी. यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीत हा विषय हलका नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024च्या अहवालात नायट्रेटने सर्वाधिक ग्रासलेल्या देशातल्या 15 जिल्ह्यांत यवतमाळ आहे. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम.

बरणी खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगते. नायट्रेटचा नायट्रोजन वायू करणारे जिवाणू आपल्या जमिनीत मुळातच असतात. त्यांना लागतो सेंद्रिय कार्बन, आणि पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसावा लागतो. बंद बरणीत हे दोन्ही जमतं. उघड्या विहिरीत हवेतला प्राणवायू सतत मिसळतो. तो असेपर्यंत हे जिवाणू नायट्रेटकडे फारसे वळतच नाहीत!

मग हिशेब करा. लिटरला 100 मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर लाखभर लिटरमध्ये ते 10 किलो होतं. कार्बनसाठी अ‍ॅसिटेट दिलं तर कागदावरच 6 किलो लागतं, प्रत्यक्षात जास्त. कमी पडलं की क्रिया अर्धवट राहून नायट्राइट साचू शकतं, आणि ते तान्ह्या बाळांना नायट्रेटहून घातक. जास्त झालं की पाणी नासतं, लोह-मँगनीज विरघळतं.

म्हणून बरणीनंतर इथल्याच मुरमाने भरलेल्या नळीतून पाणी संथ सोडून नायट्रेट संपण्याचा वेग मोजतात. तरीही खडक उरतोच. आर्णीखालच्या बेसाल्टमध्ये पाणी भेगा-सांध्यांतून वाहतं. एका बोअरला पाणी लागतं, शेजारची कोरडी जाते. सोडलेला कार्बन कुठे पोचेल?

इथे संगणकाचं मॉडेल कामी येतं. अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षणाचं मॉडफ्लो मोफत मिळतं, पण ते प्रवाह सांगतं; नायट्रेटचं काय होतं ते आरटी3डीसारख्या जोड-प्रणालीतून काढावं लागतं. बरणीतला वेग तसाच त्यात भरला, तर पडद्यावर सुंदर निळा नकाशा दिसेल आणि तो चुकीचा असेल. पावसाळ्याआधीची व नंतरची पातळी आणि पंपिंग चाचणीचे आकडे हवेत. एका वर्षावर बसवलेलं मॉडेल दुसऱ्या वर्षावर तपासायलाच हवं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटून प्रमाण वाढतं. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) जंतू मारते, नायट्रेट घालवत नाही. आणि फ्लोराइडचं जिवाणू विघटन करू शकत नाहीत.

पावडरवाल्याकडे नायट्राइटचे आकडे मागा. नायट्रेट जिथून झिरपतं तो विहिरीलगतचा उकिरडा आणि शोषखड्डा मात्र त्याच्या उत्तराची वाट न पाहता हलवा.